गोचीडतापातून कुत्रं उठलं, आता मूत्रपिंडांकडे बघा

गोचीडतापावरचं, म्हणजे बबेसियावरचं इंजेक्शन बसलं, ताप उतरला, कुत्रं पुन्हा ताटाभोवती घुटमळायला लागलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि दवाखान्याची फाईल कपाटात जाते. कोल्हापुरात हे मी घरोघरी पाहत आले आहे. पण या आजारात मूत्रपिंडांना बसलेला मार ताप गेल्यावरही आत शिल्लक राहू शकतो. तो कुत्र्याच्या वागण्यातून दिसायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पहिल्यांदाच कुत्रं पाळलंय आणि पहिल्यांदाच या दुखण्यातून बाहेर काढलंय, अशांसाठी हे लिहिते आहे. पुढच्या तीन महिन्यांत काय तपासायचं, कसं तपासायचं आणि कुत्र्याला कशापासून लांब ठेवायचं, एवढाच विषय. यातली एकच गोष्ट करणार असाल तर लघवी तपासा. रक्तात काही दिसायच्या आधी बऱ्याचदा लघवीत दिसतं.

पहिलं काम: फाईल उघडा आणि आजार नेमका कोणता होता ते बघा

गोचीडताप हा काही एकच आजार नव्हे. बबेसिया हा एकपेशीय परजीवी आहे. तो रक्तातल्या लाल पेशींत शिरतो, वाढतो आणि पेशी फुटतात. एर्लिचिया हा जिवाणू असून तो पांढऱ्या पेशींत राहतो, आणि त्याला डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावं लागतं. हेपॅटोझून कुत्र्याने गोचीड गिळल्यामुळे होतो. एकाच कुत्र्यात यातले दोन आजार एकदम सापडणं आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही.

बबेसिया असेल तर त्याची जात कोणती, हेही डॉक्टरांना विचारा. मोठ्या आकाराच्या बबेसियावर, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः व्होगेलीवर, इमिडोकार्बची दोन इंजेक्शनं १४ दिवसांच्या अंतराने देतात किंवा डिमिनाझिन देतात. लहान आकाराच्या गिब्सोनीला एवढं पुरत नाही. तिथे अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन १० दिवस, नाहीतर क्लिंडामायसिन, डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल असं एकत्र देतात. अ‍ॅटोव्हाक्वोन स्निग्ध खाण्याबरोबरच नीट शोषलं जातं, त्यामुळे ते उपाशीपोटी देऊ नका.

जात विचारायची ती एवढ्यासाठी की गिब्सोनी बऱ्याचदा पुरता जात नाही. कुत्रं वरून ठणठणीत आणि आत थोडे परजीवी शिल्लक, अशी स्थिती महिनोन्‌महिने राहते. तोवर शरीराची त्यांच्याशी झुंज चालूच असते आणि तिचा भार मूत्रपिंडांवर पडत राहतो. उपचार संपल्यापासून साधारण ६० आणि ९० दिवसांनी रक्ताची पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी) तपासणी करतात ती याचसाठी. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाईडवर काही दिसलं नाही म्हणजे परजीवी गेलाच असं धरू नका.

मूत्रपिंडांना मार कुठून बसतो

तीन बाजूंनी बसतो. लाल पेशी फुटल्या की त्यातलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं सुटतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी कोऱ्या चहासारखी दिसते ती यामुळेच. त्यातच रक्त कमी झालेलं, उलट्यांनी अंग कोरडं पडलेलं, रक्तदाब घसरलेला. अशा वेळी मूत्रपिंडांना पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही आणि त्यांच्या नलिकांना इजा होते.

दुसरा मार सावकाश बसतो. परजीवीशी लढताना शरीराने तयार केलेली प्रथिनं आणि परजीवीचे अंश यांचे एकत्र गुंते मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या बारीक केशिकांच्या गुच्छांत अडकतात. तिथे सूज येते आणि जे प्रथिन रक्तात राहायला हवं ते लघवीत गळायला लागतं. एर्लिचियातही हे होतं. याला ताप नसतो, वेदना नसते, कुत्रं आनंदात खेळत असतं.

तिसरा मार औषधांचा. इमिडोकार्ब हे चांगलं औषध आहे, ते नाकारू नका. पण ते मूत्रपिंड आणि यकृत दोघांनाही जड जाऊ शकतं. म्हणून डोस वजनावरून काढतात, आणि कुत्र्याचं वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर करा. तुम्ही त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग तुमचं एकट्याचं वजन त्यातून वजा करा.

उपचार चालू असताना

पहिल्या इंजेक्शनच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं रक्त किती नीट गाळतात ते सांगणारा आकडा) तपासून घ्या, म्हणजे पुढचे आकडे कशाशी ताडायचे ते कळेल. कुत्रं जास्त आजारी असेल तर दोन-तीन दिवसांत परत. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मि.ग्रॅ.ने जरी वाढलं, तरी आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत आहे म्हणून गप्प बसायचं नाही. ती मूत्रपिंडाला ताजी इजा झाल्याची खूण धरतात.

सलाईन चालू असेल तर कुत्रं किती मुततंय याकडे लक्ष ठेवणं हे घरच्यांचं काम. अंगातला कोरडेपणा भरून निघाल्यावर दर किलोमागे तासाला किमान १ मि.लि. लघवी व्हायला हवी. २० किलोच्या कुत्र्याला तासाला २० मि.लि., म्हणजे दिवसरात्रीत अर्ध्या लिटरच्या आसपास. सलाईन जातंय पण लघवी होत नाही, असं दिसलं तर लगेच सांगा. लघवी बंद असताना सलाईन जास्त झालं की पाणी फुप्फुसात उतरतं. ‘अजून एक बाटली लावा की’ असा आग्रह आपण धरू नये.

इमिडोकार्बचं दुसरं इंजेक्शन १४ व्या दिवशी असतं. ही तारीख तपासणीसाठी आयतीच मिळते. इंजेक्शनच्या आधी रक्त आणि लघवी दोन्ही बघायला सांगा.

लघवी धरायची कशी

इथे नवे लोक हात टेकतात, म्हणून सविस्तर सांगते.

सकाळची पहिली लघवी घ्यायची, कारण रात्रभर साठलेली असल्याने ती दाट असते. मेडिकलमध्ये लघवीची निर्जंतुक डबी मिळते, ती आणून ठेवा. त्याबरोबर लांब दांड्याची एक जुनी पळी कायमची या कामाला काढा. ती उकळत्या पाण्यातून काढून कोरडी करा, साबणाचा अंश राहू देऊ नका. हातात मोजे घाला. कुत्र्याला साखळी लावूनच बाहेर न्या, मोकळं सोडलंत तर ते कोपऱ्यात जाऊन मोकळं होऊन येईल. नर असेल तर सोपं, पाय वर केला की बाजूने पळी धरायची. मादी असेल तर ती बसेपर्यंत पळी पाठीमागे लपवून ठेवा, बसली की पहिली धार जाऊ द्या आणि मागून हळूच खाली सरकवा. घाईने पळी पुढे केली की ती दचकून उठते आणि मग अर्धा तास बसत नाही. दोन-तीन चमचे लघवी पुरते.

फरशीवर सांडलेली लघवी सिरिंजने ओढून नेऊ नका. फिनेल, माती, सगळं त्यात उतरतं आणि तपासणी वाया जाते. तासाभरात लॅबमध्ये पोहोचणार नसाल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. डबीवर कुत्र्याचं नाव आणि वेळ लिहा.

मोज्यांचा आग्रह का, तर लेप्टोस्पायरोसिस. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढतं, २०१९ आणि २०२१ सारखे पूर आपण पाहिलेत. साचलेल्या पाण्यातून आणि उंदरांच्या लघवीतून येणारा हा जिवाणू कुत्र्यांची मूत्रपिंडं आणि यकृत दोन्ही बिघडवतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो. पावसाळ्यात कावीळ आणि वाढलेलं क्रिएटिनिन एकत्र दिसलं तर बबेसियाच असेल असं गृहीत धरू नका. लेप्टोचीही तपासणी मागा. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते.

लॅबचा कागद वाचायचा कसा

कोल्हापुरात बऱ्याच जणांचे नमुने माणसांच्याच लॅबमध्ये जातात. त्यात गैर काही नाही, पण चार गोष्टी ध्यानात ठेवा.

कागदावर शेजारी छापलेली ‘नॉर्मल रेंज’ माणसाची असते, ती कुत्र्याला लावू नका. आपल्याकडे लॅब बऱ्याचदा ‘ब्लड युरिया’ देतात आणि पशुवैद्यकीय तक्ते ‘बीयूएन’मध्ये, म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनच्या मापात असतात. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. हा हिशेब न कळल्याने युरिया दुपटीने वाढला म्हणून रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत. लघवीची घनता, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, रंगीत पट्टीवरून काढली असेल तर कुत्र्यांच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवू नका. रिफ्रॅक्टोमीटरवर काढायला सांगा. कुत्र्याची घनता १.०३० च्या वर असेल तर मूत्रपिंडं लघवी नीट दाट करतायत. ती सतत १.००८ ते १.०१२ च्या आसपास अडकून राहिली तर ती चिंतेची बाब.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: लघवीतल्या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण, दवाखान्यात ज्याला यूपीसी म्हणतात. ०.२ पेक्षा कमी असेल तर उत्तम, ०.२ ते ०.५ काठावर, ०.५ च्या वर गेलं तर प्रथिन गळतंय. माणसांच्या लॅबमध्ये हाच आकडा कधी मि.ग्रॅ. प्रति ग्रॅम असा येतो, तेव्हा ५०० म्हणजे ०.५ समजायचं. लघवीत रक्त किंवा जंतुसंसर्ग असताना हा आकडा फसवा असतो, म्हणून साधी लघवी तपासणी त्याच नमुन्यावर करून घ्या. एकदा वाढलेला दिसला म्हणून घाबरू नका. दोन-तीन आठवड्यांत परत बघा, तेव्हाही वाढलेला असेल तर मात्र तो खरा.

आता क्रिएटिनिन. मूत्रपिंडांची जवळपास तीन चतुर्थांश ताकद गेल्यावरच ते ठळकपणे वाढतं. शिवाय ते स्नायूंतून येतं, त्यामुळे आजारात वाळलेल्या कुत्र्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी दिसतं आणि आपली समजूत होते की सगळं ठीक आहे. एसडीएमए नावाची तपासणी त्यामानाने लवकर सांगते आणि स्नायूंवर अवलंबून नसते. परवडत असेल तर करा.

आमच्या शेजारच्या काकींची लॅब्राडोर, राणी, अशीच. इंजेक्शनं झाली, महिना उलटला. मी तपासणीचं काढलं तर काकी म्हणाल्या, “अगं, खाती, पिती, हुंदडती, मग कशाला परत टोचायचं पोरीला?” म्हटलं, “काकी, टोचायचं नाही, नुसती लघवी धरायची.” क्रिएटिनिन ०.९ होतं, अगदी छान. यूपीसी मात्र १.९ आलं, आणि परत केल्यावरही तेवढंच. डॉक्टरांनी बेनाझेप्रिल (प्रथिन गळणं कमी करणारं औषध) सुरू केलं, खाणं बदललं, गिब्सोनीचा पीसीआर करून त्याचे उपचार पुन्हा दिले, आणि पुढच्या काही महिन्यांत आकडा उतरत ०.४ वर आला. रक्तच बघून थांबलो असतो तर हे कुणालाच कळलं नसतं.

इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी, म्हणजे आयरिस, ही या विषयातल्या पशुवैद्यांची संस्था आहे. तिने जुनाट मूत्रपिंडविकाराचे चार टप्पे ठरवले आहेत. कुत्र्यांत क्रिएटिनिन १.४ पेक्षा कमी हा पहिला टप्पा, १.४ ते २.८ दुसरा, २.९ ते ५.० तिसरा आणि ५.० च्या वर चौथा. पण हे टप्पे ऐन आजारात लावायचे नसतात. कुत्रं स्थिर झालं, अंगात पाणी पुरेसं आहे, आणि दोनदा तपासून आकडा तसाच आला, तरच. तापात असताना क्रिएटिनिन ४ आलं म्हणून ‘तिसरा टप्पा, आता काही उपयोग नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ताजी इजा बऱ्याचदा भरून येते.

रक्तदाबही मोजायला सांगा. त्याचा वरचा आकडा १६० च्या वर सतत राहिला तर तो मूत्रपिंडांना आणखी खराब करतो आणि त्यावर औषध आहे.

बेनाझेप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांपैकी काही सुरू झालं असेल तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत तपासायचं असतं. उलट्या-जुलाब लागले, कुत्रं पाणी घेईना, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

घरी पाणी मोजा

सकाळी मापून पाणी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मापायचं. तीन दिवस केलं की अंदाज येतो. दिवसाला दर किलोमागे १०० मि.लि.पेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे २० किलोचं कुत्रं दोन लिटरच्या वर पीत असेल, तर ते जास्त आहे. घरात दुसरं जनावर असेल तर भांडी वेगळी करा, नाहीतर हिशेब चुकतो. आणि पाणी जास्त पितंय, घरात मुततंय म्हणून पाणी तोडू नका. मूत्रपिंड कमजोर असलेल्या कुत्र्याला पाण्यावाचून ठेवणं फार धोक्याचं आहे.

एक अपवाद. लाल पेशी फुटणं थांबवायला काही कुत्र्यांना प्रेडनिसोलोन देतात. त्याने तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, यूपीसीही वाढू शकतं. ती गोळी चालू असेल तर तसं लॅबच्या कागदावर लिहून ठेवा. आणि मनाने एकदम बंद करू नका, ती हळूहळू कमी करत आणायची असते.

काय खायला द्यायचं

कांदा-लसूण पूर्ण बंद. आपल्याकडे मटण शिजलं की रस्सा कुत्र्याच्या ताटात जातोच, तांबडा असो की पांढरा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, शिजवल्यावरही. बबेसियाने आधीच ज्यांच्या पेशी फोडल्यात त्या कुत्र्याला हे म्हणजे दुसरा आजारच. त्याचं मटण-चिकन वेगळं, नुसत्या पाण्यात शिजवा.

द्राक्षं आणि बेदाणे हे तर मूत्रपिंडांचं थेट विष. शेजारी सांगली-तासगाव, त्यामुळे हंगामात घरात पेट्या येऊन पडतात, शिऱ्यात आणि प्रसादात बेदाणा असतोच. काही कुत्र्यांना थोड्या द्राक्षांनीही मूत्रपिंडं बंद पडेपर्यंत त्रास होतो आणि कुणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. टार्टारिक आम्लावर संशय आहे, म्हणून चिंचही नको. खाल्लंच तर उलटी-बिलटीची वाट न बघता लगेच दवाखाना.

यूपीसी किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर फॉस्फरस कमी करायचा. हाडं, कलेजी आणि दूध यांत तो भरपूर असतो. ज्वारीच्या भाकरीपेक्षा पांढऱ्या भातात कमी, पिवळ्या बलकापेक्षा अंड्याच्या पांढऱ्यात कितीतरी कमी. किडनीसाठीचं तयार खाद्य मिळतं, महाग असतं पण दुसऱ्या टप्प्यापासूनच ते द्यायला सांगतात. मात्र प्रथिनं एकदम तोडून नुसत्या भातावर ठेवू नका, त्याने स्नायूच झडतात. आणि कुत्रं खातच नसेल तर आधी ते खाईल असं काहीतरी द्या. उपाशी ठेवण्यापेक्षा ते बरं.

घरातल्या गोळ्या

लंगडतंय म्हणून आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नायमेसुलाईड देऊ नका, पॅरासिटामॉलही नाही. पहिल्या तिन्ही मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. कुत्र्यांसाठीचं मेलॉक्सिकॅमसुद्धा डॉक्टरांनी मूत्रपिंडांचे आकडे पाहूनच लिहून द्यावं. जेंटामायसिन आणि अमिकॅसिन ही इंजेक्शनंही मूत्रपिंडांना जड. दुसऱ्या कारणाने दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर गोचीडताप होऊन गेल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.

गोचीड परत चढू देऊ नका

दुसऱ्यांदा बबेसिया झाला तर मूत्रपिंडांना दुसरा मार. कुत्र्याची तपकिरी गोचीड घरातच पिढ्या काढते. मादी खाली उतरते, दगडी भिंतीच्या भेगेत, चौकटीच्या मागे, गोठ्याच्या कोपऱ्यात हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्यावर औषध आणि घरावर औषध, दोन्ही एकाच वेळी. तोंडावाटे द्यायच्या गोळ्यांत अफोक्सोलॅनर महिनाभर आणि फ्लुरालॅनर साधारण १२ आठवडे पुरते. फिट येणाऱ्या कुत्र्याला मात्र आधी विचारून. म्हशींवर फवारायचं औषध तेच, तेवढंच, कुत्र्यावर ओतायची पद्धत खेड्यापाड्यांत आहे. ते चाटून विषबाधा होते, करू नका.

रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी बोट फिरवा. बबेसिया कुत्र्यात उतरायला गोचीड साधारण दोन-तीन दिवस चिकटलेली राहावी लागते, त्यामुळे रोजच्या तपासणीने खरंच फरक पडतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका, बोटांनी चिरडू नका.

पुढच्या तारखा

दुसऱ्या इंजेक्शनच्या आधी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी: क्रिएटिनिन, साधी लघवी, यूपीसी, वजन. सगळं नीट असेल तर वर्षातून एकदा किंवा दोनदा. आकडे बिघडत असतील आणि इथे सोय अपुरी वाटली तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवायचं का ते आपल्या डॉक्टरांना विचारा आणि सगळे जुने कागद बरोबर न्या. नसबंदीचं ऑपरेशन करायचं असेल तर भुलीच्या आधी हीच तपासणी परत करा.

दुसऱ्या कुत्र्याला रक्त लागतंय असा मेसेज ग्रुपवर येतो, तेव्हा आपलं धडधाकट कुत्रं न्यावंसं वाटतं. गिब्सोनी होऊन गेलेलं कुत्रं रक्त द्यायला नेऊ नका, बरं होऊन कितीही दिवस झाले असले तरी. रक्तातून तो पुढे जातो, आणि कुत्र्यांच्या भांडणातल्या चाव्यांतूनही जातो, म्हणून फिरायला नेताना साखळी हातातच ठेवा.